काळ्या पार्श्वभूमीचा मोह

चांगला मॅक्रो फोटो कसा असावा, याबद्दल माझं मत बरीच वर्षं पक्कं होतं. जीव होईल तितका जवळून दिसावा आणि त्याच्यामागे काहीही दिसू नये. आज ते मत माझं राहिलेलं नाही. ज्या मुलांना मी हे तंत्र शिकवलं, त्यांना तरी हे मोकळेपणानं सांगायला हवं.

मी प्राणिशास्त्राचा माणूस. कोल्हापूरकर दाजीपूरला जातो तो गवा बघायला. मी जायचो पालापाचोळ्यात डोकं घालायला. कॅमेरा घेतला तो नोंदीसाठी. अल्कोहोलात ठेवलेल्या बेडकाचा रंग फिका पडत जातो. जिवंतपणीचा रंग फोटोतच टिकतो. पुढे नोंद मागे पडली आणि नाद लागला. नाद म्हणजे काय, हे कोल्हापुरात वेगळं सांगावं लागत नाही.

या कामाचं गणित असं, की जीव सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढा उमटवायचा झाला, तर एफ १६ वरही जेमतेम दोन मिलिमीटर खोली स्पष्ट येते. मग छिद्र बारीक करा, फ्लॅश मारा. फ्लॅशचा उजेड अंतराबरोबर झपाट्यानं ओसरतो, त्यामुळे मागचं रान काळंठिक्कर पडतं. त्या काळ्यावर उडी मारणाऱ्या कोळ्याचे डोळे असे काही उठून दिसतात, की बघणारा थबकतोच. मला ते शुद्ध वाटायचं.

आंबोलीच्या भेकानं या मताला पहिला धक्का दिला. झँथोफ्रायनी टायग्रीना. २००९ साली संशोधक बिजू, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. आजऱ्यावरून आंबोलीला पोचलं, की पावसाळ्याच्या तोंडाशी तो भेटतो. त्याच्या पिवळ्या-काळ्या अंगाचे माझ्याकडे देखणे फोटो होते. पण हा भेक जांभ्याच्या सड्यावर, पावसानं भरलेल्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. पावसानं ओढ दिली की डबकं आटतं, आणि पिलावळ संपते. त्याच्या जगण्यातली सगळी जोखीम त्या वीतभर पाण्यात आहे, आणि माझ्या फोटोंत ते पाणीच नव्हतं.

दुसरी आपल्या जिल्ह्याच्या नावाची पाल, नेमास्पिस कोल्हापुरेंसिस. तीही २००९ सालचीच, दाजीपूरची. तिचे बरेचसे भाईबंद खडकांना नाहीतर झाडांच्या बुंध्यांना चिकटून राहतात; ही जमिनीवर, पाचोळ्यात वावरते. तिचं वेगळेपण ते हेच. काळ्या पार्श्वभूमीवर ती चार पालींसारखी पाल दिसते.

सड्यांचा प्रश्न तर याहून व्यवहाराचा आहे. उन्हाळ्यात सडा म्हणजे नुसता करपलेला कातळ. महसुली भाषेत अशी जमीन पडीक किंवा पोटखराबा. जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या सड्यांच्या पोटात बॉक्साइट आहे, त्यामुळे खाणीचा विषय इथे कायमचाच. राधानगरी अभयारण्य २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत गेलं. बाहेरच्या सड्यांना तसं कवच नाही. ‘इथे काय आहे?’ या प्रश्नावर मी कोळ्याचे डोळे दाखवत होतो. तो कोळी कुठलाही असू शकला असता.

आता मी रुंद कोनाची लेन्स वापरतो. ती जिवाच्या तोंडाशी न्यावी लागते, शटर संथ ठेवावा लागतो, पावसाचे थेंब काचेवर येतात आणि नेमक्या क्षणी भेक उडी मारतो. बरेच फोटो वाया जातात. जमला तर त्यात भेक असतो, डबकं असतं, सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं असतात आणि वर भरून आलेलं आभाळ. लोकांची वाहवा मात्र अजून काळ्या फोटोंनाच जास्त मिळते. खोटं कशाला बोलू, त्या वाहवेचा मोह मला सुटलेला नाही.

जवळचा फोटो मी सोडलेलाही नाही. पालीच्या मांडीखालची छिद्रं किंवा कोळ्याच्या डोळ्यांची मांडणी दिसल्याशिवाय जात ठरत नाही. विद्यार्थ्यांना मी एवढंच सांगतो, की आधी जागेचा फोटो काढा, मग जिवाचा. नाव जवळून कळतं. तो जीव पुढच्या पावसाळ्यात असेल का, याचा अंदाज लांबूनच येतो.

या नव्या मतानं एक अडचणही आणली. जागा दिसली की लोक तिथे पोचतात, रात्री टॉर्च घेऊन सडा तुडवतात, फोटोसाठी सापांना काठीनं डिवचतात. म्हणून मी ठिकाण तालुक्यापलीकडे सांगत नाही. जागा दाखवायची आणि पत्ता लपवायचा, ही विसंगती मला कळते. तरी ती पत्करतो, कारण सड्याचं काय करायचं हे ठरवणाऱ्या माणसाला भेक आणि सडा एकाच चौकटीत दिसायला हवेत.