बसायची पँट

मार्च २०२४ मध्ये शिक्षकांच्या पोशाखाबद्दल शासन निर्णय आला. पुरुषांनी शर्ट-पँट घालावी, शर्ट आत खोचलेला असावा, जीन्स आणि टी-शर्ट नको. आमच्या शाळेत त्यावर मधल्या सुट्टीत बरीच गरमागरमी झाली. बाकीच्यांचे मुद्दे तत्त्वाचे होते, माझा अगदीच ऐहिक. मी जालन्याहून शाळेला सायकलने जातो, आणि खोचलेल्या शर्टाखालची फॉर्मल पँट सायकलवर माणसाला फार छळते.

अंबड चौफुली सोडून इंदेवाडीच्या पुढे गेलं की आत वळणाऱ्या एका रस्त्याला आमची शाळा आहे. निवांत पायडल मारलं तर साधारण पाऊण तास. हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्या, पावसाळ्यात मडगार्डमध्ये थापली जाणारी काळी माती, एप्रिल-मेमध्ये चाळीसच्या वर गेलेला पारा. रविवारी राजूरच्या गणपतीला सायकली काढणारी मंडळी पॅडवाली चड्डी घालतात. लांबच्या पल्ल्याला ती हवीच. पण ती घालून मला आठवीच्या वर्गात समीकरणं सोडवता येत नाहीत, आणि एवढ्याशा अंतरासाठी रोज शाळेत जाऊन कपडे बदलणं हा मला उगाच उपद्व्याप वाटतो. मला अशी पँट हवी होती की जी घालून घरातून निघावं, तिच्यातच शिकवावं आणि तिच्यातच परत यावं.

रेडिमेड पँट उभ्या माणसासाठी बेतलेली असते. दुकानात आपण आरशासमोर उभे राहूनच ती बघतो, त्यामुळे ती चांगली दिसतेच. सायकलवर बसून हँडलकडे वाकलं की मागचा पट्टा तीन-चार बोटं खाली सरकतो, खोचलेला शर्ट बाहेर येतो आणि पुढे पोटाशी कापडाचा गोळा होतो. गुडघा वर आला की मांडीवर कापड ताणतं. सगळ्यात वाईट जागा आसनाची. चार शिवणी तिथे एकत्र येतात आणि ती गाठ नेमकी सीटच्या टोकावर बसते. जीन्सच्या शिवणी तर कापड दुमडून घेतलेल्या, त्यामुळे गाठ आणखी जाड. शासनाने जीन्स बंद केली याचं मला तरी दुःख झालं नाही.

ढगळ पँट घेतली की प्रश्न सुटला, असं बरेच जण सांगतात. माझ्या मते हा सल्ला सायकल न चालवणाऱ्यांचा आहे. ढगळ पँटचं आसन खाली लोंबतं, सीटच्या टोकात अडकतं, आणि उतरताना माणूस पँटसकट सायकलला टांगलेला राहतो. मोकळेपणा मांडीला हवा, आसनाला नको. रेडिमेडमध्ये हे दोन्ही एकत्र मिळणं कठीण. कंबर बरोबर असली तर मांडी घट्ट, मांडी मोकळी घ्यावी तर कंबरेला पट्टा आवळून चुण्या.

शेवटी कादराबादेतल्या एका जुन्या मास्तरांकडे गेलो. हल्ली त्यांच्याकडे नवं शिवणकाम कमी आणि अल्टरच जास्त. माझी पँट त्यांनी उलटी केली, आसनाच्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “सर, ये खडे रहने की पँट है. आपको बैठने की चाहिए.” मग स्टुलावर बसवून, पुढे वाकायला लावून त्यांनी माप घेतलं. एवढ्या वर्षांत बसवून माप घेणारा शिंपी मला पहिल्यांदाच भेटत होता.

त्यांनी केलेले बदल बाहेरून दिसतही नाहीत. मागची उंची सव्वा इंचाने वाढवली, पुढची अर्ध्या इंचाने कमी केली. मांडीला घेर दिला, पण गुडघ्यापासून खाली पँट सरळ निमुळती केली. आणि आसनात एक छोटा चौकोनी तुकडा घातला, पायजम्याला घालतात तसा. मास्तर त्याला मियानी म्हणतात. त्यामुळे चार शिवणींची गाठ मोडते, शिवणी सीटच्या टोकापासून बाजूला सरकतात आणि पाय फाकला तरी कापड ताणत नाही. पुढे वाचनात आलं, की २०११ मध्ये लिव्हाईस कंपनीने सायकलने कामावर जाणाऱ्यांसाठी खास जीन्स काढली होती. तिच्यात उंच केलेला मागचा पट्टा आणि आसनाला जादा मजबुती होती, शिवाय पाय वर दुमडला की अंधारात चमकणारी पट्टी. मास्तरांना सांगितलं, तर त्यांनी फक्त ती पट्टी कुठे मिळते एवढंच विचारलं.

कापडाबाबत मात्र मास्तरांचं आणि माझं जमलं नाही. ते टेरिकॉटवाले. इस्त्री टिकते, रंग टिकतो, गिऱ्हाईक तक्रार करत नाही. पण आमच्याकडचा उन्हाळा कोरडा. सुती कापड घाम पितं आणि तो वाऱ्यावर उडून जातो, तेवढाच गारवा. टेरिकॉट मांडीला चिकटून बसतं. पावसाळ्यात मात्र मास्तर खरे ठरतात. भिजलेली सुती पँट दुसऱ्या तासापर्यंत ओलीच राहते, मिश्र धाग्याची पंख्याखाली लवकर वाळते. म्हणून जून ते सप्टेंबर एक कापड, बाकी वर्षभर दुसरं. सुती कापड शिवायच्या आधी पाण्यातून काढून घ्यायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात आसन आखडतं आणि केलेली सगळी मेहनत वाया जाते. जिल्हाभर कापूस पिकतो, आणि चांगल्या जाड सुती पँटपीससाठी मला सिंधी बाजारात दुकानं पालथी घालावी लागतात, हे एक वेगळंच.

खालची मोहरी हा स्वतंत्र विषय. उजवा पाय साखळीशी घासतो आणि वंगणाचा काळा डाग कशानेच जात नाही. त्यावरचा उपाय शाळेतच सापडला. मानव विकास कार्यक्रमातून बाहेरगावच्या मुलींना आठवीपासून सायकली मिळतात. आमच्या मुली गणवेशाच्या सलवारवर येतात. ओढणी तिरपी घेऊन कमरेशी गाठ मारलेली आणि सलवारच्या मोहरीला केसांचं रबर. माझ्या पँटकडे बघून एकीने सांगितलं, “सर, रबर लावा की, क्लिप कशाला शोधता?” क्लिप पोटरीला टोचते, रबर टोचत नाही. मोहरी मी पंधरा इंचांवर ठेवली आहे. त्याहून अरुंद केली तर ती पोटरीवर अडकते आणि गुडघा ओढला जातो. लांबी नेहमीपेक्षा अर्धा इंच जास्त, कारण बसल्यावर पाय उघडा पडतो.

खिशांचं थोडक्यात सांगतो. तिरप्या खिशातून किल्ल्या गळतात, मोबाइल मांडीच्या सांध्यात रुततो, पाकीट मागे ठेवलं तर बसणंच वाकडं होतं. सगळं पिशवीत टाकायचं.

एक गोष्ट अजून जुळलेली नाही. रेक्झिनच्या सीटवर घासून पँट बसायच्या जागी आधी चकाकते, मग विरते, बाकी कापड धडधाकट असताना. आतापर्यंत आतून ठिगळ लावून भागवलं. यंदा मास्तर म्हणतात, शिवतानाच तिथे कापड दुहेरी घेऊ, पाव मीटर जास्त आणा.