खानापूर तालुक्यातील सरपणाची बेगमी

बेळगावहून दक्षिणेकडे निघालेला रस्ता सुमारे पंचवीस कि.मी.वर खानापुरास पोहोचतो. नाताळ आटोपून तीन राजांचा सण जवळ आला की या रस्त्याने जाणाऱ्यास घरोघरच्या परड्यात एकच दृश्य दिसू लागते. भाताची मळणी संपलेली असते, गवताच्या गंजी रचून झालेल्या असतात आणि त्यांच्या शेजारी ओंडक्यांचे ढीग येऊन पडू लागतात. ही पावसाळ्याची बेगमी होय. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी पाच महिने तिची तयारी सुरू होते. ज्या घरात ती माघात सुरू होत नाही, त्या घरची गृहिणी श्रावणात चुलीपुढे डोळे पुसत बसते, हे या मुलखातील लहान मुलासही ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, आता घरोघरी गॅस आला, मग सरपणाची एवढी चिंता कशास? गॅस आला हे खरे आणि तो आला हे फार बरे झाले. परंतु न्हाणीघरातील हंडा अजून लाकडावरच तापतो. उकड्या तांदळासाठी भात उकडायचे मोठे भांडे गॅसच्या शेगडीवर मावत नाही. लग्नकार्याचा स्वयंपाक तर परड्यातील चुलाणावरच व्हावयाचा. म्हणून सरपण कमी झाले, पण संपले नाही. बदल झाला तो ते घरी आणण्याच्या पद्धतीत.

खानापूरहून पश्चिमेस जांबोटीकडे वळले की मुलूख पालटतो. मलप्रभा नदी याच बाजूच्या कणकुंबी गावी उगम पावते आणि खानापूर शहराला वळसा घालून पूर्वेकडे जाते. जसजसे आपण तिच्या उगमाकडे जावे तसतसे डोंगर जवळ येतात, शेते लहान होतात आणि पाऊस वाढतो. बांधावर आणि वरकस जमिनीत काजू, नीलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ अशी झाडे दिसतात. त्यांच्या पलीकडे जंगल सुरू होते. त्यातील पुष्कळसा भाग २०११ साली भीमगड अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे. तेथील वाळलेली काटकीही आपली नव्हे. स्वतःच्या जमिनीतील झाड तोडावयाचे झाले तरी कर्नाटकात १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे सामान्यतः परवानगी लागते. काही जातींना सूट आहे. तेव्हा कुऱ्हाड उचलण्यापूर्वी वनखात्याच्या जवळच्या कचेरीत चौकशी करणे इष्ट. घाट उतरून गोव्यात गेल्यास तेथेही १९८४ चा असाच कायदा आहे.

या बाजूच्या एका वाडीत आम्ही दुपारी थांबलो. परड्यात एक वृद्ध मावशी काटक्या निवडीत बसल्या होत्या. तरुणपणी त्या दीड कोसावरून डोक्यावर मोळी आणीत. आठवड्यातून तीन खेपा, आणि प्रत्येक मोळी वीस किलोच्या आतबाहेर. "ट्रॅक्टर आला तेव्हा माझी मान सुटली बघा," असे त्या सहज बोलून गेल्या. लहान ट्रॅक्टरविषयी पुष्कळ माहितीपत्रके वाचावयास मिळतात, पण त्याची याहून योग्य शिफारस आमच्या ऐकण्यात नाही.

मात्र त्याच वाडीत दुसऱ्या एका घरी ट्रॅक्टरचे कर्ज फेडता फेडता दोन म्हशी विकल्या गेल्या होत्या. म्हणून यंत्र घेण्यापूर्वी थोडा हिशेब करावा. हंडा, भात उकडणे आणि अधूनमधून चूल धरून एखाद्या कुटुंबास दररोज दहा किलो वाळलेले लाकूड लागते असे मानू. वर्षाचे झाले ३,६५० किलो. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. नीट वाळले तरी पंचमांश राहते. म्हणजे एवढ्या वाळल्या सरपणासाठी सुमारे ५,८०० किलो ओले लाकूड आणावे लागेल. लहान ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून एका वेळी एक टन आणला तरी सहा खेपा पुरतात. हे काम दोन दिवसांचे. वर्षातील दोन दिवसांच्या कामासाठी तीन लाखांहून अधिक किमतीचे यंत्र दारात उभे करणे शहाणपणाचे नाही. ज्याची चार-पाच एकर शेती आहे, ज्याला भाताच्या खाचरात चिखलणी करावयाची आहे, ऊस किंवा खत वाहून न्यावयाचे आहे, त्याने ट्रॅक्टर अवश्य घ्यावा आणि त्याच ट्रॅक्टरने सरपणही आणावे. इतरांनी तो भाड्याने आणावा. कर्नाटक सरकारच्या 'कृषी यंत्रधारे' योजनेत अशी अवजारे भाड्याने देणारी केंद्रे उघडली आहेत. शिवाय शेजारचा ट्रॅक्टरवाला असतोच. चार घरांनी मिळून तो आठ दिवसांसाठी ठरवला तर दरही माफक पडतो.

घ्यावयाचाच असेल तर कोणता घ्यावा? या भागातील पाणंदी अरुंद, काजूच्या दोन ओळींतील वाट त्याहून अरुंद. तेथे पंधरा ते वीस अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर सुखाने वळतो, तर चाळीस-पन्नास अश्वशक्तीचा मोठा ट्रॅक्टर बांध पाडून जातो. उतार आणि चिखल असल्यास चारही चाकांना गती मिळणारा ट्रॅक्टर घ्यावा. त्याचे जास्तीचे पैसे पहिल्याच पावसात वसूल होतात. बसणाऱ्याच्या मागे मजबूत लोखंडी कमान आहे की नाही हे पाहावे. ट्रॅक्टर उलटला तर चालकाचा जीव ती कमान वाचवते, पट्टा बांधलेला असल्यास निश्चितच अधिक. स्वीडन देशात १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरांना अशी कमान सक्तीची झाली आणि उलटून होणारे मृत्यू पुढे फारच घटले. आपल्याकडे सावलीसाठी कापडी छत लावतात, ते या कामाचे नव्हे. शेवटची गोष्ट म्हणजे दुरुस्ती करणारा मिस्त्री आणि सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात की नाही याची खात्री करावी. रंग आणि जाहिरात यांना भुलू नये.

ज्यांची जमीन अगदीच थोडी आहे ते पॉवर टिलर पसंत करतात. दोन चाकांचे, मुठी धरून चालवावयाचे हे यंत्र स्वस्त पडते आणि मागे लहान ट्रॉलीही ओढते. परंतु त्याची एक खोड लक्षात ठेवावी. सपाटीवर डाव्या मुठीचा क्लच दाबला की ते डावीकडे वळते. उतारावर मागचे ओझे त्याला ढकलू लागले म्हणजे तोच क्लच दाबल्यावर ते उजवीकडे वळते! नवख्या माणसास हे ठाऊक नसले तर तो ट्रॉलीसकट ओढ्यात जातो. म्हणून उतारावर क्लचने वळवू नये, वेग आधीच कमी करून मुठींच्या जोरानेच दिशा सांभाळावी.

ट्रॅक्टरचे अपघात घडतात ते बहुधा दोन-तीन ठराविक चुकांनी. ओंडका साखळीने ओढताना साखळी मागील आसाच्या वर, किंवा अवजार उचलणाऱ्या वरच्या दांड्याला बांधतात. ओंडका एखाद्या मुळाला अडकला की पुढची चाके उचलली जातात आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ट्रॅक्टर मागे उलटून चालकावर पडतो. उडी मारण्यास अवकाश मिळत नाही. लहान ट्रॅक्टर हलका, म्हणून त्यास हा धोका अधिक. साखळी नेहमी आसाच्या खाली असलेल्या मूळ हुकालाच बांधावी. दुसरी चूक उतारावरची. भरलेली ट्रॉली घेऊन उतरताना डिझेल वाचवण्यासाठी काही चालक गिअर काढून टाकतात. वाचलेले डिझेल चार रुपयांचे आणि गमावलेला माणूस घरचा! ज्या गिअरात चढण चढलो, त्याच खालच्या गिअरात उतरावे. शेतात वळण्यासाठी डावा-उजवा ब्रेक वेगळा वापरतात, पण रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही पायपट्ट्या खिटीने एकत्र जोडाव्यात. एकच ब्रेक लागला तर ट्रॉली ट्रॅक्टरला आडवा करते. आणि ट्रॉलीवरील लाकडांच्या राशीवर मुलांना बसवून आणण्याची हौस कोणीही करू नये.

तिसरा धोका स्त्रियांना अधिक आहे. ट्रॅक्टरच्या मागे फिरणारा जो दांडा असतो, ज्याला पी.टी.ओ. म्हणतात, त्यावर काही ठिकाणी गोल करवत किंवा लाकूड फोडण्याचे यंत्र चालवतात. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. साडीचा पदर किंवा ओढणी त्यात अडकली तर हात मागे घेण्यापूर्वी ती कित्येक वेढे गुंडाळली गेलेली असते. त्या दांड्यावर प्लास्टिकचे आवरण असलेच पाहिजे. ते तुटले म्हणून काढून फेकणारे मालक आम्ही पाहिले आहेत. यंत्र चालू असताना पदर खोचलेला असो वा नसो, जवळ जाऊ नये. उघड्या गोल करवतीविषयी तर आमचे मत स्पष्ट आहे: घरच्या सरपणासाठी ती आणूच नये.

मग ओंडके तोडावे कशाने? येथे बेळगावच्या इतिहासाची आठवण होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. बेळगावात सायकलींचे दुकान चालवता चालवता त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार केला. पुढे १९१० साली त्यांनी औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडाने जमीन नासते या समजुतीने शेतकरी त्या नांगराला प्रथम हात लावीत नसत. आज उलटे झाले आहे. यंत्र दिसले की विचारपूस न करता घेतले जाते आणि घरातील कुऱ्हाडीला वर्षभर धार नसते!

धार ही खरोखरच अर्धी मजुरी आहे. झाड तोडण्याची कुऱ्हाड पातळ पात्याची, तर लाकूड फोडण्याची जाड पाचरीसारखी आणि वजनदार हवी. एकीने दोन्ही कामे करू पाहणारा दुप्पट दमतो. गाठाळ ओंडक्यासाठी दोन लोखंडी पाचरी आणि एक घण पुरे. फोडताना ओंडका जमिनीवर न ठेवता गुडघ्याएवढ्या उंच ठोकळ्यावर ठेवावा, म्हणजे चुकलेला घाव ठोकळ्यात जातो, पायात जात नाही. नीलगिरी ओलीच फोडावी. वाळली की तिचे पिळदार धागे कुऱ्हाड धरून ठेवतात. बिब्ब्याच्या झाडाला मात्र हात लावू नये. त्याच्या चिकाने अंगावर फोड येतात, हे सांगावयास नकोच.

पेट्रोलवर चालणारी चेनसॉ, जिला इकडे नुसते 'कटर' म्हणतात, ती आता पुष्कळ घरी दिसते. ओंडक्यांचे हातभर तुकडे करण्यास तिच्यासारखे साधन नाही. बहुतेक नव्या यंत्रांत लिटरभर पेट्रोलला वीस मिलीलिटर टू-स्ट्रोक तेल घालतात, तरी त्या त्या यंत्राच्या पुस्तिकेतील प्रमाण पाहावे. तिच्या पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की पाते उसळून थेट चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते. म्हणून टोकाने कधीही कापू नये, खांद्याच्या वर उचलू नये, साखळीचा ब्रेक रोज तपासावा, आणि पायात बूट, डोळ्यांवर चष्मा, डोक्यावर शिरस्त्राण असावे. लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडून, पायात रबरी सपाता घालून कटर चालवणारे तरुण पाहिले म्हणजे त्यांच्या आईची कीव येते.

असो. लाकूड फोडून झाले तरी काम संपत नाही. ओले लाकूड जाळले तर त्याची पुष्कळशी उष्णता त्यातील पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते, आणि उरतो तो धूर. फोडलेल्या ढलप्या दोन आडव्या वाशांवर, जमिनीपासून वीतभर उंच रचाव्यात, म्हणजे वाळवी लागत नाही आणि खालून वारा खेळतो. डोक्यावर पत्रा घालावा, पण बाजू उघड्या ठेवाव्यात. चहूबाजूंनी ताडपत्री गुंडाळणारा लाकूड वाळवीत नाही, नासवतो. जानेवारीत फोडलेले लाकूड मे महिन्यात हातात हलके लागते, टोकांस भेगा पडतात आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज येतो. मग ते न्हाणीघराच्या पडवीत न्यावे.

कणकुंबीच्या पुढे चोर्ला घाट उतरून सत्तरीत गेल्यावर तोच उद्योग निराळ्या रूपात भेटतो. तेथे जांभ्या दगडाचे चढउतार आणि काजूच्या बागा आहेत. फेब्रुवारी संपता संपता बोंडू पिकू लागतात आणि भट्ट्यांसाठी लाकूड रचले जाते. केरीच्या बाजूस एका बागेत काजूच्या छाटलेल्या फांद्या पॉवर टिलरच्या लहान ट्रॉलीत भरून खाली आणीत होते. चालक पायी, सावकाश गिअरात. ट्रॉलीच्या मागून त्याचा मुलगा हातात मोठा दगड घेऊन येत होता आणि थांबा आला की तो दगड चाकापुढे टाकीत होता. सकाळपासून त्यांच्या पाच खेपा झाल्या होत्या आणि जेवणाची वेळ व्हायची होती.