आजोबांची डोलकाठी

परवा एका जहाजाचा फोटो बघत बराच वेळ बसलो होतो. 'पिक्सिस ओशन', धान्यबिन्य नेणारं मोठं मालवाहू जहाज. २०२३ साली त्याच्या डेकवर दोन उभे पंख बसवले. साडेसदतीस मीटर उंच, म्हणजे बारा मजली इमारत! इंजिन आहेच, पण वारा असला की पंख हात देतात. पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला सरासरी ३ टन इंधन वाचलं म्हणे. माझी सव्वीस वर्षं इंजिनरूममध्ये गेली. ३ टन म्हणजे गंमत नाही, महाराजा!

आमचे आजोबा देवगडचे, गलबतावर तांडेल. मंगलोरची कौलं भरून मुंबईला न्यायचे. पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचं, दुपारी खाऱ्या वाऱ्याची वाट बघायची. पुढे मालकाने डिझेल इंजिन बसवलं, पण आजोबांनी डोलकाठी काही काढू दिली नाही. मी तेव्हा इंजिनियरिंगला. हसून म्हटलं, "आजोबा, आता ही कशाला?"

"वारो फुकट गावता," ते म्हणाले, "पण तो काय आपलो नोकर नाय."

मला वाटलं, म्हातारा माझ्याच बाजूने बोलतोय.

असो. ही कल्पना नवी नाही. १९२४ साली आंतोन फ्लेटनर या जर्मन माणसाने 'बुकाऊ' जहाजावर शिडांऐवजी दोन उंच, फिरते दंडगोल उभे केले. फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेत वळतो ना, तेच तत्त्व. फिरणाऱ्या दंडगोलाच्या एका बाजूला हवा वेगाने सरकते, दुसऱ्या बाजूला अडते, आणि दाबाच्या फरकाने जहाज ढकललं जातं. १९२६ मध्ये ते अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला पोचलंसुद्धा. पण तेल स्वस्त होतं, कोण विचारतो? १९८० साली तेल महागल्यावर जपानने टँकरवर शिडं लावली, तेल उतरलं आणि तीही मागे पडली. आता २०२४ मध्ये 'सोहार मॅक्स' या चार लाख टनी खनिजवाहू जहाजावर ३५ मीटरचे पाच दंडगोल उभे राहिलेत. या वेळी धुराचाही हिशोब द्यावा लागतोय, म्हणून टिकेल असं वाटतं. पैज मात्र लावणार नाही.

कारण वारा समोरून आला की हे सगळं निरुपयोगी. त्याला बाजूने घ्यायचं तर वाट वाकडी करावी लागते, उशीर सोसावा लागतो. इंजिनरूममध्ये आम्हाला फक्त वरून आलेली ऑर्डर कळायची. बाहेर वारा कुठला, हे मी कधी विचारलंही नाही. आजोबांना ते झोपेतही कळायचं. आणि मी त्यांच्याकडून एकही गोष्ट शिकून घेतली नाही.

गलबत मोडलं तेव्हा त्यांनी ती डोलकाठी घरी आणली. पडवीला तुळई म्हणून अजून आहे. गेल्या मे महिन्यात स्टुलावर चढून हात फिरवला. दोर घासून पडलेली खाच बोटाला लागते.