आप्पांच्या डिस्कचं कुलूप

गेल्या वर्षी आषाढात आप्पांना पक्षाघात झाला आणि त्यांची वाचा गेली. हात हळूहळू हलू लागला, माणसं ओळखता येऊ लागली, शब्द मात्र परतले नाहीत. त्या शब्दांबरोबर डिस्कचा पासवर्डही गेला होता, हे आम्हाला दिवाळीत कळलं.

बावधनहून एक बाई आल्या होत्या. ओसरीवर बसल्या, चहा घेतला आणि पदराशी चाळा करत म्हणाल्या, "गुरुजींनी माज्या आईच्या ओव्या भरून घेतल्या हुत्या. आई गेली वैशाखात. आवाज हाय का वो तिचा तुमच्याकडं?"

आवाज होता. आप्पा वाई तालुक्यात प्राथमिक शिक्षक. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात उभी राहिली, तेव्हा बायांना आठवतंय तोवर भरून घ्यावं म्हणून ते पंधरा-सोळा वर्षं धोम, मेणवली, पसरणी, बावधन असे हिंडले. आधी कॅसेटवर, पुढे हातात मावणाऱ्या रेकॉर्डरवर. ते सगळं एका एक टीबीच्या डिस्कवर होतं आणि त्या डिस्कला कुलूप मी घातलं होतं. २०१८ मध्ये एसटीतून आप्पांचा लॅपटॉप चोरीला गेला. बॅकअपची डिस्क घरी होती म्हणून वाचली. मी घाबरले आणि त्याच आठवड्यात तिला बिटलॉकर लावला. पासवर्ड आप्पांनी स्वतः टाइप केला, मी पाठ फिरवून उभी राहिले. तो कुठेतरी लिहून ठेवा असं मी त्यांना म्हटलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता विंडोजमध्ये डिस्कच्या चित्रावर सोनेरी कुलूप दिसायचं, आणि आप्पा त्याकडे बघून नुसती मान हलवायचे. एका दुकानात दाखवली, तर तिथला मुलगा म्हणाला, "ताई, फॉरमॅट करून देतो, चालू होईल." फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणं. मी डिस्क उचलून घरी आणली.

पासवर्ड विसरला तर बिटलॉकरचं दार एकाच किल्लीने उघडतं, ४८ आकड्यांच्या रिकव्हरी कीने. सहा आकड्यांचे आठ गट असतात. कुलूप लावताना मी ती छापली होती एवढं आठवत होतं. आईने तीन दिवस कपाटं उपसली आणि कागद जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात सापडला. त्यावरच्या ओळखक्रमांकाची पहिली आठ अक्षरं पडद्यावरच्या अक्षरांशी जुळली, तेव्हा आई देवापाशी जाऊन आली. पण पावसाळ्यात गठ्ठ्यावर पाणी गळलं होतं, आणि आमच्या इंकजेटची शाई पाण्याला टिकली नाही. पाचव्या गटात तिसऱ्या आकड्याच्या जागी निळसर डाग होता. ३, ८, ९, काहीही असू शकलं असतं.

या किल्लीतल्या प्रत्येक गटाला ११ ने भाग जातो. आकडा चुकीचा पडला तर तो तिथेच पकडता यावा म्हणून तशी रचनाच केलेली आहे. आता कुलूप उरलं नाही, म्हणून तो गट सांगायला हरकत नाही. तीन, एक, डाग, पाच, शून्य, सहा. अकराची कसोटी आप्पांनीच मला शाळेत शिकवली होती, एक सोडून एक आकडे मिळवायचे, दोन्ही बेरजांतला फरक शून्य किंवा अकराच्या पटीत यायला हवा. एक, पाच, सहा म्हणजे बारा. तीन आणि शून्य म्हणजे तीन. बारा व्हायला नऊ हवेत. मी ३१९५०६ टाकलं आणि डिस्क उघडली.

उघडली म्हणजे किल्लीपुरती उघडली. वायर काढून परत लावली की कुलूप जागेवर. घरच्या टीव्हीला तर ती वाचताच येत नव्हती. बाया येणार, ऐकायला मागणार, आणि दर वेळी मी पुण्याहून येऊन अठ्ठेचाळीस आकडे टाकणार, हे चालण्यासारखं नव्हतं. कुलूप कायमचं काढायचं ठरवलं.

त्याआधी आप्पांची वही वाचली. प्रत्येक रेकॉर्डिंगची नोंद तिच्यात आहे, गाव, वार, बाईचं नाव. त्रेचाळीस नोंदींपुढे लाल शाईत लिहिलं होतं, 'ऐकवू नये'. ओव्या म्हणता म्हणता बाया मध्येच थांबून मनातलं बोलल्या असणार, सासरचं, दिराचं, गेलेल्या लेकराचं. गुरुजी कुणाला सांगणार नाहीत या भरवशावर बोलल्या असणार. मी त्या त्रेचाळीस फाइली ऐकल्या नाहीत. दोन नव्या पेनड्राइव्हवर घेतल्या, दोन्हींना बिटलॉकर लावला, एक माझ्याकडे ठेवला आणि एक नाशिकला भावाकडे दिला. पासवर्ड आम्हा दोघांना ठाऊक आहे, आणि कागदावरही आहे. मग मूळ डिस्कवरून त्या खोडल्या. पण खोडलेली फाइल डिस्कवर तशीच पडून असते, फक्त तिची जागा मोकळी म्हणून धरली जाते. कुलूप निघालं की असली फाइल कुणीही जाणकार परत वर काढू शकतो. विंडोजमध्ये सायफर नावाचा एक हुकूम आहे, तो मोकळ्या जागेवर तीनदा काहीबाही लिहून जुनं पुसून टाकतो. तो लावून ठेवला. रात्रभर चालला. मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपात हेच काम महत्त्वाचं होतं.

उरलेल्या सगळ्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढली. कुलूप काढताना डिस्कचा कण न् कण वाचून पुन्हा लिहिला जातो, आणि जुनी डिस्क एवढ्या कष्टात दगा देऊ शकते. मग कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन 'टर्न ऑफ बिटलॉकर' दाबलं.

तासाभरात पाच टक्के. या हिशोबाने वीस तास लागले असते. तेव्हा लक्ष गेलं, वायर काळ्या जिभेच्या यूएसबीत होती. डाव्या बाजूला निळ्या जिभेची जागा होती, ती वेगवान. 'पॉज' दाबून डिस्क तिकडे लावली, किल्ली परत टाकली, काम जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं. दुपारी वीज गेली. लॅपटॉपला बॅटरी आहे आणि डिस्कही त्याच्यावरच चालते, तरी आई टॉर्च घेऊन शेजारी बसून राहिली. संध्याकाळी दिवेलागणीला शंभर टक्के झाले. चित्रावरचं कुलूप गेलं.

डिस्क टीव्हीला लावली. पहिल्याच फाइलमध्ये आप्पांचा जुना, खणखणीत आवाज आला, वार, गाव, बाईचं नाव. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला ते हे सांगायचे. खुर्चीतले आप्पा ओठ हलवत होते. जात्याची घरघर सुरू झाली तसे थांबले आणि ऐकत राहिले.

बावधनच्या बाईंना निरोप धाडला. त्यांच्या आईच्या सतरा ओव्या निघाल्या. मी टीव्ही लावू लागले, तर त्या म्हणाल्या, "हितं नगं, ताई. भन येनारे उद्या. दोघी मिळून ऐकू." मी त्या ओव्या एका वेगळ्या पेनड्राइव्हवर घालून दिल्या. तो त्यांनी रुमालात बांधून कनवटीला खोचला, आप्पांच्या पाया पडल्या आणि साडेपाचची एसटी धरायला गेल्या.