ही पाळी नव्हे

ऋतुधर्मावर आपल्या भाषेने पुष्कळ पडदे घातले आहेत. स्त्री 'दूर बसते', तिला 'कावळा शिवतो', तिची 'अडचण' असते. पन्नाशीच्या आगेमागे हे सारे थांबले म्हणजे वडीलधाऱ्या बायका 'सुटलीस हो' म्हणून समाधान मानतात. परंतु सुटल्यावर काही वर्षांनी पुन्हा डाग दिसला, तर त्यास आपल्यापाशी वेगळे नाव नाही. मग जुनेच नाव चालते: 'पाळी परत आली.' माझ्या मते सारा घात या नावात आहे.

कारण गेलेली पाळी अशी परत येत नसते. सलग बारा महिने विटाळ आला नाही म्हणजे ऋतुनिवृत्ती झाली, असे वैद्यक मानते. बीजकोशांचे काम आटोपलेले असते. गर्भाशयाचे अस्तर महिन्याच्या महिन्यास वाढून गळण्याचे प्रयोजन उरत नाही. बाळापुरास मन नदीच्या कोरड्या पात्रात ऐन वैशाखात गढूळ पाणी उतरले, तर 'पावसाळा आला' असे कोणी म्हणणार नाही. वर काय झाले, याची चौकशी करील.

हे रक्त बहुधा घातक नसते, हेही सांगितले पाहिजे. वयोमानाने पातळ झालेले अस्तर, एखादा साधा मांसांकुर, संप्रेरकांची औषधे ही त्याची नेहमीची कारणे. अशा दहा स्त्रियांपैकी सुमारे नऊ जणींस कर्करोग नसतो. परंतु हिशेब उलट बाजूने मांडला, तर अस्तराचा कर्करोग झालेल्या दहांपैकी सुमारे नऊ जणींस हाच डाग दिसलेला असतो. गर्भाशयमुखाचा कर्करोगही पुष्कळदा असाच प्रकट होतो. म्हणून डाग एकदाच दिसला तरी तपासणी हवी. सोनोग्राफीने अस्तराची जाडी मोजतात. ती चार मिलिमीटरांहून अधिक भरली किंवा रक्त थांबेना, तर अस्तराचा लहानसा तुकडा काढून पाहतात.

बाळापूरच्या आमच्या नात्यातील एका काकूंस साठीनंतर हा डाग दिसला, तो नेमका नवरात्रात. किल्ल्याखालच्या बाळादेवीचे दर्शन त्यांनी कधी चुकविले नव्हते. बोलल्या असत्या तर विटाळ झाला असता; त्या बोलल्या नाहीत. पुढे उन्हाळा आला, तेव्हा 'उष्णता झाली' म्हणून सब्जा आणि गुलकंद सुरू झाला. धुण्यात सुनेच्या ध्यानी आले, तोवर आठ महिने लोटले होते. त्यांस अकोल्यास नेले. पण रोग पसरला होता. वर्षाच्या आत त्या गेल्या.

हे मौन अटळ मात्र नाही. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांस रोगाची लक्षणे समजावीत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्याचे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. हा फरक बोलण्याने पडला.

घरोघरी तेवढे बोलणे आपल्याही हाती आहे. मुलीस पहिल्या पाळीविषयी सांगणारी आई आता पुष्कळ घरांत आढळते; आईस शेवटच्या पाळीनंतरचे सांगणारी मुलगी, सून, आणि संकोच सोडला तर मुलगाही, आढळावयास हवा. सांगावयाचे फार नाही: ही पाळी नव्हे, हा विटाळही नव्हे, आजच डॉक्टरकडे चला.