भोगवर्धनाचें दान

जालन्याहून भोकरदनमार्गें अजिंठ्याचीं लेणीं पाहावयास जाणारे पुष्कळ. पण वाटेंत भोकरदनास उतरून घटकाभर हिंडणारा विरळा. आम्ही मुद्दाम उतरलों. केळणा नदीच्या कांठीं खडकांत कोरलेलें राष्ट्रकूटकालीन वैष्णव लेणें आहे. तें पाहून कोणासहि वाटावें कीं, गांवाचें वय हजार-बाराशें वर्षांचें असेल. खरें वय त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे.

भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. प्रतिष्ठानाहून उज्जयिनीकडे जाणाऱ्या सार्थांची पेठ. १९७३ सालीं नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनीं येथें उत्खनन केलें, तेव्हां सातवाहनकाळच्या वस्तीचे थर, नानाविध मणी आणि एका स्त्रीमूर्तीचा हस्तिदंती भग्नावशेष हातीं लागला. त्याच धर्तीची एक हस्तिदंती मूर्ति १९३८ सालीं इटलींतील पाँपेई येथें निघाली होती. तें शहर तर इ. स. ७९ मध्येंच ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालेलें! आपल्या देशाचा माल केवढा दूर जात असे, हें यावरून वाचकांनींच ताडावें.

परंतु भोगवर्धनाचें नांव दगडावर कोरलेलें पाहावयाचें तर सांचीस जावें लागतें. तेथील मोठ्या स्तूपाचा विटांचा गाभा अशोकानें रचविला. मौर्यवंश इ. स. पू. १८५ च्या सुमारास बुडाला, आणि नवल असें कीं, स्तूप खरा वाढला तो त्यानंतर! दगडी आवरण, कठडा व शेवटीं सातवाहनकाळीं तोरणें, असें पिढ्यान्‌पिढ्या काम चाललें. तें केवळ राजाच्या खजिन्यावर विसंबून नव्हतें. गांवोगांवच्या श्रेष्ठींनीं, विणकरांनीं, भिक्षुणींनीं, गृहिणींनीं कोठें एक शिला, कोठें एक खांब दिला व त्यावर आपलें नांव कोरविलें. दक्षिण तोरणावरील कांहीं शिल्प विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्या कारागिरांनीं केल्याचा लेख आहे. या दात्यांत भोगवर्धनचे रहिवासीहि आहेत. मध्यें तापी, सातपुडा, नर्मदा, विंध्य. सरळ रेषेनेंहि अंतर ४०० किलोमीटरांचें!

मग राजाश्रयाचा वांटा तो किती? अशोकाचें राज्य इ. स. पू. २६८ ते २३२ च्या सुमाराचें. राज्याभिषेकानंतर आठव्या वर्षीं त्यानें कलिंग जिंकला आणि तेथील संहारानें त्यास पश्चात्ताप झाला. हें त्यानें स्वतःच शिळांवर कोरविलें. बुद्धाच्या जन्मस्थानीं, लुंबिनीस, जाऊन त्यानें तेथील सारा अष्टमांशावर आणला. बराबरच्या टेकड्यांतील लेणीं मात्र त्यानें दिलीं तीं आजीविकांस. आणि ब्राह्मण व श्रमण या दोघांसहि दान द्यावें, असें त्याच्या आज्ञा सांगतात. त्याच्या काळीं महाधर्मरक्षित नामक थेर महाराष्ट्रांत आल्याचें सिंहलद्वीपाचा महावंस नमूद करतो. सोपाऱ्यास त्याच्या आज्ञालेखाचा तुकडा १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांस सांपडला. जालना जिल्ह्यांत त्याचा शिलालेख नाहीं. येथील माणसांवर त्याचा प्रभाव शोधावयाचा तर तो सांचीच्या त्या दानलेखांतच.

संस्कृत पढलेल्या आमच्यासारख्यांच्या घरांत या राजाची आठवण कशी राहिली, हें सांगतांना संकोच वाटतो. विष्णुपुराणांत तो ‘अशोकवर्धन’ म्हणून वंशावळींत येऊन जातो, इतकेंच. त्याचें ‘देवानांप्रिय’ हें बिरुद कौमुदी पढणाऱ्यास ठाऊक, पण तें अलुक् समासाचें उदाहरण म्हणून, आणि अर्थ काय, तर ‘मूर्ख’! सतराव्या शतकांत भट्टोजी दीक्षितांनीं तो तसा नोंदला. वैयाकरणांचा यांत हेतु काय होता, याचा वाद पंडितांनीं करावा; आम्हांस ही थट्टा रुचत नाहीं. शिळांवर तो बहुधा या बिरुदानेंच बोलतो, स्वतःचें नांव घेत नाहीं. १९१५ सालीं मस्की येथें उजेडांत आलेल्या लेखांत ‘अशोक’ हें नांव स्पष्ट मिळालें. मस्की आणि जालना हीं दोन्ही स्थळें तेव्हां निजामाच्या राज्यांत होतीं.

मुळांत या लेखांची लिपीच कोणास वाचतां येत नव्हती. १८३७ सालीं जेम्स प्रिन्सेप याच्या ध्यानांत आलें कीं, सांचीचे पुष्कळसे लहान लेख त्याच त्या दोन अक्षरांनीं संपतात. तीं ‘दानं’ असावींत हा त्याचा तर्क खरा ठरला आणि ब्राह्मी लिपी उलगडत गेली. सम्राटाच्या आज्ञा आपणांस वाचतां येऊं लागल्या त्या विणकर-गृहिणींच्या या दानलेखांवरून.