नक्कल आहे, पण उघडते का?

मागच्या पालक-सभेत एका पालकांनी विचारले की आता सगळे कॉम्प्युटरवर आहे, मग ऑफिसातली जुनी दाखल-खारिज रजिस्टरे रद्दीत का देत नाही? दोन कपाटे मोकळी होतील. प्रश्न रास्त आहे. विश्वस्त मंडळींच्याही मनात तो असणार, म्हणून इथेच सविस्तर उत्तर देत आहोत.

गेल्या वर्षी एक आजी शाळेत आल्या होत्या. १९७४ साली त्या आमच्याकडून दाखला घेऊन गेलेल्या. पेन्शनच्या कागदावर जन्मतारीख एक, आधारवर दुसरी, आणि जन्माचा दाखला त्या काळी त्यांच्या घरी कुणी काढलाच नव्हता. बडे बाबूंनी रजिस्टर काढले, पान सापडले, दहा मिनिटांत काम झाले. आज शिकणाऱ्या मुलांपैकी कुणी पन्नास वर्षांनी असेच दारात उभे राहील. तेव्हा आजचा कॉम्प्युटर नसेल, पण नोंद मात्र असावी लागेल.

नोंदीची नक्कल, म्हणजे बॅकअप, आम्ही घेतोच. पण नक्कल कुठे ठेवली आहे, हेही पाहावे लागते. दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात २६ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारी डेटा केंद्रात बॅटऱ्यांना आग लागली आणि ७०९ सरकारी प्रणाली बंद पडल्या. त्यांत सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायलींचे ८५८ टेराबाइटचे कोठार होते. त्याची दुसरी प्रत बाहेर कुठेच नव्हती. एवढा प्रगत देश! आणि कागद तरी कुठे सुरक्षित आहे? १२ जून २०२३ ला भोपाळच्या सतपुडा भवनात फायलीच जळाल्या. म्हणून आमची एक हार्डडिस्क ऑफिसात असते आणि दुसरी एका विश्वस्तांच्या घरी. कॉम्प्युटरला कायम जोडून ठेवलेली डिस्क आम्ही नक्कल मानत नाही. व्हायरस शिरला तर दोन्ही एकदमच जातील.

दुसरी गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. गिटलॅब ही प्रोग्रामरांचे काम सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिच्या एका इंजिनियरने चुकून खऱ्याच मशीनवरचा डेटा पुसला. नकलांची पाच निरनिराळी साधने होती, ऐनवेळी एकही धड उपयोगी पडले नाही. एक प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा असल्यामुळे नक्कल तयारच होत नव्हती, आणि तसे कळवणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. त्याच इंजिनियरने सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी एक प्रत काढली होती, तिच्यावर निभावले. हे सगळे कंपनीने स्वतःहून जाहीर केले, हे आम्हाला फार आवडले.

म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही रंगीत तालीम केली. कोरा कॉम्प्युटर घेतला, विश्वस्तांच्या घरची डिस्क आणली आणि ऑफिस पुन्हा उभे करून पाहिले. फी आणि गुणपत्रके दुपारपर्यंत आली. पण २००३ च्या सुमाराचे मराठी दाखले उघडले तर पानभर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे! फाइल शाबूत होती, नव्हता तो जुना फॉन्ट. त्या काळी श्रीलिपी, कृतिदेव असे प्रत्येकाचे वेगळे खाते होते, युनिकोड नंतर रुळले. आता ते फॉन्टही डिस्कवर ठेवले आहेत आणि एकेक दाखला युनिकोडमध्ये आणणे चालू आहे. तालीम केली नसती तर हे कळले असते ते एखादा माजी विद्यार्थी समोर उभा असताना.

नक्कल किती दिवसांनी घ्यायची? आमचा हिशेब सोपा आहे. जेवढे काम पुन्हा हाताने करायची तयारी, तेवढेच अंतर. प्रवेशाच्या आणि परीक्षेच्या दिवसांत रोज, एरवी आठवड्यातून एकदा. सगळेच ठप्प झाले तरी ऑफिस चालले पाहिजे. दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ ला सायबर हल्ला झाला, तेव्हा तिथे कित्येक दिवस कागदावर काम चालले. आमच्याकडेही छापील पावती-पुस्तके आणि कोरे दाखले कपाटात ठेवले आहेत. डिस्कवर घराघरांची माहिती आहे, म्हणून तिला पासवर्ड आहे. तो एकट्या बाबूंच्या डोक्यात राहू नये यासाठी सीलबंद पाकिटात दोन विश्वस्तांकडे दिला आहे.

तर रजिस्टरे रद्दीत जाणार नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत ऑफिसचे दोघे ती स्कॅन करतील. मूळ रजिस्टरे वरच्या मजल्यावर, ओल नसलेल्या खोलीत न्यायची आहेत. त्यासाठी एक लोखंडी कपाट आणि तिसरी हार्डडिस्क एवढा खर्च येत्या बैठकीत विश्वस्तांसमोर मांडत आहोत.